दुधाचं काउंटर

आई, आज दुपारी मी परत त्या काउंटरवर जेवून आले आणि मग गाडीतच बराच वेळ बसून राहिले. मेलबर्नच्या ज्यू वस्तीत, एका बेकरीला लागून, हे जुनं लहानसं दुकान आहे. लांब फॉर्मायकाचं काउंटर, पुढे फिरती गोल स्टुलं आणि पलीकडे एक म्हातारा. ऑर्डर तोच घेतो, तव्यापाशी तोच उभा राहतो, बशाही तोच पुसतो. तिथे मांस शिजत नाही. ज्यू लोक दूध आणि मांस एकत्र खात नाहीत, त्यांची भांडीसुद्धा वेगळी, म्हणून हे दुकान फक्त दुधाचं. मी जवळच्याच एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्यांदा गेले ती निव्वळ भूक लागली म्हणून. त्याने ब्लिंट्झ दिलं, म्हणजे घावनासारखं पातळ, आत गोडसर चक्का भरून घडी घातलेलं, वर आंबट साय. पहिला घास घेतला आणि तू माझ्या पाठीशी उभी आहेस असं इतकं स्वच्छ वाटलं, की मी स्टूल फिरवून बघितलं. मागे फक्त कोट अडकवायच्या खुंट्या होत्या.

तू अलिबागकडच्या बेने इस्रायल घरातली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंमधली, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इतरांच्या आया कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या असतात, तशी तू तिकडची. बाबांशी लग्न केलंस म्हणून तुझ्या माहेरच्यांनी तुला तोडलं, आणि पुण्याच्या आमच्या घरात तू कुंकू लावलंस, गणपतीला मोदक वळलेस, सगळं केलंस. तक्रार कधी ऐकली नाही. फक्त मटण तू नारळाच्या दुधात करायचीस आणि त्या दिवशी दही-दूध घरात असून पानात यायचं नाही. मला वाटायचं, तुला पचत नसेल. एका रविवारी मी स्वतःच ताटात दही घेतलं आणि त्यावर मटणाची वाटी ओतली. तू ओट्यापाशी होतीस. कशी आलीस कळलं नाही, माझ्या हातावर फाडकन बसली. "दुधाच्या ताटात नाही," एवढंच म्हणालीस. आजी हसली, म्हणाली, "अजून ते सोडलं नाहीस का गं?" तू ताट उचलून मोरीत ठेवलंस, आणि ते ताट मी आपल्या घरात पुन्हा पाहिलं नाही. मला तू त्याआधी कधी मारलं नव्हतंस, आणि मी कॉलेजात असताना तू गेलीस तोवर परत कधी मारलंही नाहीस.

शाळेच्या सुटीत मी लेकीला माझ्याबरोबर कामाला घेऊन गेले होते. तुझी नात. तू तिला पाहिलं नाहीस. हसताना ती वरचा ओठ तुझ्यासारखाच आत ओढते. जेवायला आम्ही काउंटरवर बसलो. तिने फोनवरून नजर न काढता बॅगेतून घरचा चिकन रोल काढला आणि सायीच्या बशीवर ठेवायला गेली. म्हातारा काही बोलणार होता, पण त्याच्याआधी माझा हात उठला. तिच्या मनगटावर बसला. आणि माझ्या तोंडून आलं, "दुधाच्या ताटात नाही." आवाज माझा नव्हता, आई. त्यात तो अलिबागचा हेल होता, जो मी आयुष्यात कधी बोलले नाही.

"मम, व्हॉट वॉज दॅट?" लेक माझ्याकडे बघत राहिली. तिला मी मारत नाही. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही, रोल बॅगेत कोंबून बाहेर जाऊन गाडीशी उभी राहिली. मी उठायला लागले तर म्हाताऱ्याने हातानेच थांबवलं. फडकं खांद्यावर टाकलं आणि हळू आवाजात विचारलं, "हू टॉट यू दॅट?"

"माय मदर," मी म्हणाले. मग तुझी गोष्ट सांगितली, जेवढी मला माहीत आहे तेवढी.

"आमच्यात आईवरून ठरतं. मदर ज्यू असेल तर तूही आमचीच," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, आम्ही हिंदू आहोत. तो वाद घालत बसला नाही. "तिच्यासाठी कोणी प्रार्थना म्हणतं?" त्याने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, मी सिनेगॉगमध्ये माझ्या बायकोचं नाव घेतो, तिच्या शेजारी तुझ्या आईचंही घेईन. मात्र लग्नानंतरचं नाव चालत नाही, बापाने ठेवलेलं सांग.

पुढच्या वेळी सांगते म्हणून मी निघाले. वाटेत लेकीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स फाइन," पण ग्लेन वेव्हर्लीला घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. तुझं ते नाव मला माहीत नाही, आई. लग्नात बाबांनी ते बदललं, आणि विचारलं की म्हणायचे, "जुनं कशाला उकरतेस?" आता बाबाही नाहीत. मी ते एकदाच ऐकलं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. त्यांनी घरात बघून एक हाक मारली. मला वाटलं चुकीच्या घरी आले. आणि तू स्वयंपाकघरातून पळत आलीस. तुला पळताना मी तेव्हाच पाहिलं. तुझा भाऊ होता तो. तुमचे वडील वारल्याचं सांगून उंबऱ्यावरूनच परत गेला. तू दाराची चौकट धरून उभी होतीस, माझ्या डोळ्यांपुढे अजून उभी आहेस. ती हाक मारताना हललेले त्याचे ओठ मला दिसतात. त्यातून आवाज येत नाही.

किती रात्री मी अक्षरं जुळवून पाहिली. शेवटी म्हाताऱ्याने परत विचारलं, तेव्हा मी एक नाव सांगितलं. त्याने ते दोनदा उच्चारून बघितलं, छान आहे म्हणाला. आज माझ्यापुढे बशी ठेवताना त्याने सांगितलं, की शनिवारी सगळ्यांसमोर त्याने ते मोठ्याने घेतलं. मी थँक यू म्हटलं, आणि माझ्या पाठीमागे काहीच हललं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. ते तुझं नाव नव्हतं. तोंडाला आलं ते मी सांगितलं, आणि त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.