हे मी नाय लिवलं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज बसलेय, कारण गेला महिनाभर माझं कशात लक्ष लागत नाही. शिकवता शिकवता वाक्य अर्ध्यावर सुटतं, भाजी चिरताना हात थांबतो. मी शिक्षिका झाले एवढं तुमच्या कानावर आलं होतं. एव्हरशाईन सिटी या टॉवरांच्या वसाहतीजवळच्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. मुलं आम्हाला आता बाई म्हणत नाहीत, टीचर म्हणतात.

सारखा तो शनिवार आठवतो. आपल्या गास गावच्या शाळेत तुम्ही आम्हा चौघींना चार विहिरींचं पाणी आणायला सांगितलं होतं, आणि शाळा सुटल्यावर थेट तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत. स्टोव्हवर एकेक पातेलं ठेवून पाणी आटवायचं, तळाशी काय उरतं ते बघायचं, जिभेला लावायचं आणि चौघींनी एकाच वहीत आळीपाळीनं लिहायचं. खाडीकडच्या विहिरीच्या पातेल्यात पांढरा थर धरला तेव्हा मी वही ओढून घेतली आणि सगळं एकटीनंच लिहून काढलं. शाबासकी मिळेल म्हणून पुढे केली. तुम्ही वही मिटलीत. "तुला येतं ते मला ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांना काय येतं ते तू मला कळू देत नाहीस." मी स्टोव्ह बारीक करायला वाकले. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं मी त्या तिघींना सांगितलं. आमच्या भातशेतीवाल्या घरांतून 'पानी' म्हणतात, आम्ही लिहायचोही तसंच. त्या वहीत तुम्ही कधी लाल पेन चालवलं नाहीत. खाली तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'पाणी' लिहायचात, आणि ते बघून बघून आम्ही शिकलो.

आता वही नाही. आता कॉम्प्युटरवर एकच पान असतं, ते गटातल्या सगळ्यांना आपापल्या घरून, मोबाईलवरून उघडता येतं. एक जण लिहितो ते दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतं, आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे लिहितात. तुम्हाला हे फार आवडलं असतं. मी मुलांना तुमचाच विषय दिला: तुमच्या घरी पाणी येतं कुठून आणि ते कसं आहे? कुणी टँकरचा फोटो लावला, कुणी इमारतीच्या बोअरवेलबद्दल लिहिलं. एका गटात खाडीकडच्या गावातली एक मुलगी आहे. वर्षभर ती हजेरीपुरतंच बोलली होती. एका संध्याकाळी तिनं आईच्या मोबाईलवरून लिहिलं: "आमच्या बावखलाचं पानी मे महिन्यात खारं होतं. आई म्हनते त्यात डाल शिजत नाय. मग पावसात परत गोडं कसं होतं?" बाई, अख्ख्या वर्गात खरा प्रश्न एवढा एकच होता. वाडीतलं एक तळं, आणि त्याचं पाणी चवीनं बदलतं हे तिनं स्वतः पाहिलेलं.

दुसऱ्या दिवशी पालक येणार होते, संस्थेची माणसं येणार होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पानं एकदा नजरेखालून घाला. चुका नकोत." शाळा सुटल्यावर मी बसले. 'पानी'चं 'पाणी' केलं, 'नाय'चं 'नाही'. मग आईचं वाक्य काढलं, कारण ते घरगुती वाटत होतं. शेवटी तिचा प्रश्नही काढून त्या जागी पुस्तकातलं उत्तर घातलं. पान छान दिसायला लागलं.

सकाळी मोठ्या पडद्यावर ते पान होतं आणि मी कौतुकानं तिलाच वाचायला उभं केलं. तिनं पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मी म्हटलं, "वाच ना, तूच लिहिलंयस."

"टीचर, हे मी नाय लिवलं."

तिच्या गटातली दुसरी मुलगी पटकन म्हणाली, "टीचर, हिस्टरी ओपन करा ना, कोणी चेंज केलं ते दिसेल." मी नको म्हणायच्या आत तिनं पुढे येऊन बटण दाबलं. पडद्यावर ओळीओळीला माझं नाव आलं. मी हसून म्हणाले, "शुद्धलेखन तपासलं फक्त." पालकही हसले. जिला वाचायला उभं केलं होतं ती खाली बसली. त्या दिवसानंतर दोन आठवडे तिनं त्या पानावर एक अक्षर लिहिलं नाही.

जुनं पान परत आणणं सोपं असतं, एक बटण. ते मी त्याच दुपारी केलं. तिच्याजवळ जायला मात्र दोन आठवडे लागले. मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. तुझा प्रश्न मी पुसायला नको होता. मलाही त्याचं उत्तर नीट माहीत नाही." तिनं डबा बंद केला. "तुम्ही परत बदलनार नाय ना?" मी नाही म्हटलं. सोमवारी ती बाटलीत बावखलाचं पाणी घेऊन आली. ज्यांच्या घरी टँकर येतो त्या मुलांनी टँकरचं आणलं. प्रयोगशाळेत पातेली चढली, आणि मी मुद्दाम लांब खिडकीपाशी उभी राहिले. तीच सगळ्यांना सांगत होती, आधी कुठलं चाखायचं, मग कुठलं. संध्याकाळी त्यांच्या पानावर इतकी भांडाभांडी झाली की मी वाचता वाचता थकले. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत येतं का, यावर टॉवरमध्ये राहणाऱ्या एका मुलानं तिला सतरा प्रश्न विचारले, आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली.

हे इथवर आलं म्हणजे मला बरं वाटायला हवं. पण त्या उत्तरांत सगळीकडे तिनं 'पाणी' लिहिलंय, एकही 'ण' न चुकवता. ती बघून शिकली, की मला घाबरून? तुम्हाला नुसत्या नजरेनं कळलं असतं. मला कळत नाही, आणि तिला विचारायचा धीर होत नाही.

मीही खाडीकडचीच, हे माझ्या शाळेत आजवर कुणाला माहीत नाही. तुमच्या घराला आता कुलूप आहे, तेव्हा हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. तरी सांगते, लिहिण्याच्या भरात माझ्या हातून दोनदा 'पानी' लिहून गेलं होतं. दोन्ही वेळा मी ते खोडलं.