बेचाळीस मागितल्या, एकसष्ट निघाल्या

अनसिंग, दि. २२ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप हुकूमभाऊ यांस शिखरचंदचा सादर जयजिनेंद्र. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही सारे ठीक आहोत, म्हणजे तुम्ही वाशीमहून पाठवलेले सायक्लोस्टाईल मशीन घरात असताना माणूस जेवढा ठीक राहू शकतो तेवढे.

भाऊ, या मशीनला थांबणे ठाऊक नाही. मी हँडल सोडले तरी चाक आपले फिरतच राहते आणि प्रत्येक फेऱ्याला एक कागद ओढते. सातवीच्या गणिताची प्रश्नपत्रिका गुप्ततेसाठी घरीच छापा, असे हेडमास्तर दौलतसिंग यांनी बजावले होते (शाळेत कुलुपाला कान असतात, हे त्यांचे मत). मागितल्या बेचाळीस प्रती, निघाल्या एकसष्ट. वरच्या एकोणीस मी हीराबाईकडे देऊन चुलीत घालायला सांगितल्या. ती म्हणाली, "इतका चांगला कागद जाळता कायले? मांगून पुरा कोरा हाय." मी बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले. संसारात तेच चुकते.

निकाल लागला. बेचाळीसच्या बेचाळीस पास. ज्याला स्वतःच्या नावातला 'लाल' नीट लिहिता येत नाही, त्या सेवालालला एकोणनव्वद. एक पूर्ण दिवस मी गावातून छाती काढून फिरलो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी टेबलावर एक चुरगळलेला, खारट कागद ठेवला आणि विचारले, "मास्तर, हे काय होय?" ती फुटाण्याची पुडी होती. आतून माझा चौथा प्रश्न, व्याजाचा.

शाळेच्या फाटकाशी रंगूबाई फुटाणे विकते. हीराबाईने साऱ्या प्रती तिला दिल्या होत्या. विचारायला गेलो तर ती बिचारी स्वतःच बुचकळ्यात. "मास्तर, परीक्षेआधीच्या आठवड्यात पोरं फुटाने तिथंच सांडून राह्यले होते अन् पुडी तेवढी घेऊन पळत होते. मले वाटलं, माल खवट झाला."

आता येत्या सोमवारी फेरपरीक्षा. काल हेडमास्तर स्वतः आमच्या घरी मशीनपाशी बसले. तेवीस प्रती जास्त निघाल्या. त्या त्यांनी आपल्या हाताने चुलीत घातल्या. हीराबाई कोरी बाजू जळताना बघत होती. रात्री जेवली नाही.

तुमचा धाकटा भाऊ,
शिखरचंद

ता. क. हे चाक कसे थांबवायचे ते उलट टपाली कळवा. तुमच्या दुकानात एवढे दिवस होते, तेव्हा त्याची खोड तुम्हाला ठाऊक असणारच, असा हीराबाईचा संशय आहे.

ता. क. २. खरे म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. आमचा कैलासचंद सातवीत पहिला आला म्हणून तुम्ही त्याला घड्याळ कबूल केले आहे. ते सोमवारपर्यंत पाठवू नका. त्याला फुटाणे पचत नाहीत, आणि त्या आठवड्यात त्याच्या पोटात फार दुखत होते.