रोज पाचच कार्डं

प्रिय आई,

जपानीची परीक्षा पास झाले! निकाल आज आला आणि सवयीने तुला ओरडून सांगायला स्वयंपाकघरात गेले. तिथे कोण असणार? तुला जाऊन आठ महिने झाले. म्हणून लिहायला बसले. मराठीतच लिहितेय, तूच शिकवलेल्या अक्षरांत. चुकलं तर हसू नकोस हं.

आठवतं, कार्डं कशी सुरू झाली? इथे इस्रायलात, पेताह तिक्वा शहरातल्या माझ्या ऑफिसात जपानी गिऱ्हाइकं येऊ लागली आणि मला त्यांच्या लिपीने झपाटलं. एका बाजूला मी कांजी काढायची, म्हणजे त्यांचं ते चित्रासारखं अक्षर, आणि मागे अर्थ मराठीत. हिब्रूत लिहिला असता तर तुला वाचता आला नसता. भाकरी थापता थापता तू पिठाच्या हाताने कार्ड वर धरायचीस. उत्तर बरोबर आलं की कोपऱ्यात रेघ. रेघ विचारणारीनेच मारायची, स्वतःच्या कार्डावर स्वतः नाही, हा तुझाच नियम.

"पाचच घे गो रोजची," तू म्हणायचीस. "कालची पाच विसरलीस तर आज नवीन नाय."

मी ऐकलं कुठे! परीक्षा जवळ आली तशी दिवसाला चाळीस घेऊ लागले. तू चष्मा शोधून, कार्ड उलटून, अर्थ दोनदा वाचून खात्री करायचीस आणि इकडे माझा जीव वर-खाली. एक दिवस मी कार्डं तुझ्या हातातून ओढूनच घेतली. "तुझ्यामुळे वेळ जातो, आई." असं म्हणाले मी! तू नुसता तवा उतरवलास. त्या वर्षी मी साफ नापास झाले.

त्याच सुमारास तू म्हणालीस, "मला पण हिब्रू वाचायला शिकव ना गो. डॉक्टरची चिठ्ठी आली की खालच्या बाईकडे धावायचं, शरम वाटते. मी पण पाचच घेईन रोजची."

"अखर काख," मी म्हणाले. म्हणजे 'नंतर'. तू मराठीत विचारायचं आणि मी हिब्रूत उडवून लावायचं, ही माझी जुनी खोड.

इथे आल्यापासून तीस वर्षं तू अश्दोदच्या कारखान्यात डबे भरलेस. बोलण्यापुरती हिब्रू नुसत्या कानाने उचललीस. दोन हजार परकी अक्षरं पाठ करायला निघालेल्या मला, तुला हिब्रूची बावीस शिकवायला सवड नव्हती. लाज वाटते गं.

तू गेल्यावर मी रोज पाचांवर आले. कालची पक्की झाल्याशिवाय आज नवीन नाही. म्हणून तर पास झाले. हे तुझं होतं, आई, आणि मी ते तुझ्यामागे वापरलं.

मघाशी तुझा शिवणाचा डबा उघडला. आत माझ्याच टाकून दिलेल्या कार्डांचे कापलेले तुकडे, पाच-पाचच्या गड्ड्या दोऱ्याने बांधलेल्या. एका बाजूला हिब्रू शब्द, वाकड्यातिकड्या अक्षरांत उतरवलेले. मागे मराठीत: गोळी. रांग. दवाखाना. मुलगी. खालच्या बाईकडून लिहून घेऊन गिरवलेस ना? रेघ त्यांतल्या एकावरही नव्हती. विचारणारी कुठे होती?

फक्त तळाच्या एका सुट्या कार्डावर रेघा होत्या. आपला नियम मोडून तूच मारलेल्या. मोजल्या, अकरा. कार्ड उलटलं. मागे तुझ्या अक्षरात, "अखर काख. नंतर. रिबका म्हणते."

अकरा वेळा विचारलंस, आई? मला तर दोनदाच आठवतंय.

माफी मागायला तोंड नाही. वचन मात्र देते. रोज संध्याकाळी भाकरीच्या वेळी तुझी पाच कार्डं घेऊन बसेन. पाचच. तुला चष्मा शोधायला लागायचा तेवढा वेळ प्रत्येक कार्डापाशी थांबेन आणि मग रेघ मी मारीन. त्या एका कार्डावर मात्र बारावी रेघ पडू देणार नाही.

पहिलं कार्ड वर धरलंय. सावकाश सांग.

तुझी,
रिबका