शिवलेले शेवटचे प्रकरण

मी, गुणाबाई काळूराम तरे, वय अडुसष्ट, राहणार धामणकर नाक्यामागे, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. मुलगा मितेश रागावला आहे, पण रागाला मी दबाव म्हणत नाही.

१. वडप्याची जमीन मितेशला. माझ्या पाटल्या सून रीमाला. तिला त्या सैल होतील, सोनाराकडून लहान करून घ्याव्यात.

२. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मितेशला, पण पुढची खोली सोडून. ती पुस्तकांसह आमच्या नोंदणीकृत 'संशयी वाचक मंडळा'ला. तिथे दर रविवारी आम्ही जुन्या रहस्यकथा मोठ्याने वाचतो. मितेशला ती सुताच्या गोदामाला भाड्याने द्यायची आहे. "आई, खुनाच्या गोष्टींना खोली कशाला? एक कपाट दे." बाळा, कपाटात माणसे बसत नाहीत.

मी शाळेत गेले नाही. माझे यजमान लूम दुरुस्त करायचे आणि रद्दीतून रहस्यकथा आणायचे. मला वाचून दाखवताना ऐन खुनाशी पुस्तक मिटून शिफ्टला निघून जायचे. पुढचे कळावे म्हणून मी अक्षरे शिकले.

३. यजमानांची पाने-पक्कडींची पेटी माझे दीर केसरीनाथ यांना. मंडळाचे पुस्तक मात्र त्यांना घरी नेऊ देऊ नये. ते शेवटचे पान आधी वाचतात आणि चहा येताच खुन्याचे नाव फोडतात. "वयनी, तोंडातून निसटला गो!" दर वेळी निसटते. त्यांच्यामुळेच मी नियम केला: नवीन पुस्तक आले की शेवटचे प्रकरण लूमच्या सुताने शिवून टाकायचे. प्रत्येकाने आपला संशय सांगितल्यावरच दोरा कापायचा.

४. निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक. हे कलम नीट वाचावे.

त्याचे वाचन शेवटच्या प्रकरणापर्यंत आले आणि यजमानांना ठाण्याच्या इस्पितळात न्यावे लागले. मी खाटेशी बसून म्हटले, "तुमचा संशय कोणावर? मला तरी सांगा."

"न्हाय. मंडलात सांगीन. नियम तुझाच हाय."

त्यांना रविवार दिसला नाही.

त्यांचे दिवसकार्य झाल्यावर मंडळ पुन्हा भरले. मी पुस्तक आणि कात्री घेऊन आले. सईदाने, म्हणजे आमच्या वाचणारीने, कात्री माझ्या हातातून काढून घेतली. "गुणाबाय, कालूभायची पाली बाकी हाय." आम्ही दुसरे पुस्तक सुरू केले. निळे तसेच फळीवर आहे. झाडताना मी त्या शिवणीवरून बोट फिरवते. दोरा आहे तोवर त्यांचे बोलणे राहिलेले आहे. माझ्या हयातीत तो कापायला मला सांगू नये.

केसरीनाथ त्या फळीखालीच बसतात. शिवण उसवून बघणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते पुस्तक आजवर हातात घेतलेले नाही. हे मी पाहिले आहे.

माझे तेरावे झाले की येणाऱ्या रविवारी मंडळाने याच खोलीत बसावे. सर्वांनी आपले संशय आठवून सांगावेत. माझा संशय गोष्टीतल्या डॉक्टरवर आहे. तो फार गोड बोलतो. मग यजमानांची पाळी. ते बोलण्याआधी चष्मा काढून सदऱ्याला पुसायचे. तेवढा वेळ सर्वांनी गप्प बसावे. त्यानंतर कात्री केसरीनाथांच्या हाती द्यावी आणि शेवटचे प्रकरण सईदाने वाचावे. घाई करू नये.

५. हे सर्व अमलात आणण्याचे काम सईदाकडे. मितेशला त्या रविवारी बोलवावे. खुर्ची खिडकीपाशी, त्याच्या बाबांची.

मजकूर पुन्हा वाचला. एकही शब्द बदलायचा नाही.

गुणाबाई काळूराम तरे
(सही)

गुणाबाईंनी हे आम्हाला वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: १. पुतळाबाई रघू केणे (सही) २. मुबश्शिर बुबेरे (सही)

भिवंडी, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५