आठशे नव्हे

जळगाव,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. चुडामणभाऊ,
साष्टांग नमस्कार. मी येथे ठीक आहे. आईचा गुडघा आता बरा असल्याचे मोतीबाई मावशीकडून कळले. नरडाण्याच्या कारखान्यात तुझी पाळी बदलली, हेही तिनेच सांगितले. फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. आधी कच्चे लिहून मग पक्के केले आहे, तरी ऱ्हस्वदीर्घ चुकले असल्यास माफ कर.

बातमी मोठी आहे. प्रेमराजभाऊंनी धुळ्याची पोरे घेऊन केलेला परग्रहावरच्या बुरशीचा सिनेमा तू पाहिलाच असशील. रावेरच्या बंद शीतगृहाचे दार कापतात आणि आतली बुरशी माणसे गिळत सुटते. पण ते दार आतून कोणी लावले होते, हे सिनेमात नाही. ती आधीची गोष्ट आता चित्रांच्या पुस्तकात येते आहे. अठ्ठेचाळीस पाने. चित्रे माझी, अक्षरेही माझी. नववीत शाळा सोडलेल्याचे नाव मुखपृष्ठावर आहे, भाऊ! मी त्यावरून बोट फिरवून पाहिले.

शेवटच्या पानावर लोटन नावाचा हमाल दाराला केळीचे क्रेट लावून आतच थांबतो. सोबती बाहेरून हाका मारतात. तो म्हणतो, "मी आठेच शे."

प्रूफ तपासणाऱ्या किरण सरांकडून ते पान परत आले. लाल शाईत दुरुस्ती होती : "मी आठशे."

सर मराठीचे एम. ए. तीन दिवस मी ते पान पिशवीत घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी पाने छपाईला जाणार होती, तेव्हा गेलो.

"सर, हे आठशे नाही."

"मग किती?"

"आकडा नाहीच, सर. आठे म्हणजे इथे. शे म्हणजे आहे."

"कोशात दाखव."

"कोशात नसेल. आमच्या घरात आहे."

प्रेमराजभाऊ मागून म्हणाले, "मरता मरता माणूस आकडा सांगी का, सर?"

सर हसले. "बरं, मग 'इथेच आहे' कर. सगळ्यांना कळेल."

मी नाही म्हणालो. इतके ठाम मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. जसे होते तसेच छापले.

आता जे लिहायचे टाळतो आहे, ते. दोन वर्षांपूर्वी मी कामाला होतो त्या बोर्ड रंगवायच्या दुकानात तू आलास. दारातूनच ओरडलास, "योग्या, कोठे शे रे?" मालकांनी विचारले, हे कोण? मी म्हणालो, "गावाकडचे कोणी आहेत." तू ऐकलेस. डबा टेबलावर ठेवून गेलास. त्यातले मांडे मालकांनी खाल्ले. मी हात लावला नाही. मला तुझ्या बोलण्याची लाज वाटली होती. नाही, खरे लिहितो. तुझीही वाटली होती.

लोटनला चेहरा तुझा दिला आहे. तुला विचारले नाही. तू रागावलास तरी चालेल, पण नाक हुबेहूब आले आहे.

रविवारी, २३ तारखेला सकाळी अकराला धुळ्यात प्रकाशन आहे. मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. चिठ्ठी लिहून ठेवली आहे, चार वेळा तपासली. तिच्यात पहिले नाव तुझे आहे, नात्यासकट. तू समोर बसलेला असलास तरी ते घेईन, नसलास तरी घेईन.

तुझा सख्खा भाऊ,
योगेंद्र