लख्ख घासलेला प्रबंध

लातूर,
भाऊबीज होऊन गेल्यावरचा रविवार

तीर्थरूप विरूपाक्षमामांस,

उज्वलाचा वाकून नमस्कार. मामींना वेगळा. तुमचा गुडघा काय म्हणतो, गुऱ्हाळ पेटलं का, नवा गुळव्या टिकला का, की तोही मागच्यासारखा लग्नाची हळद लावायला जातो म्हणून गेला तो गेलाच? इकडे आई-बाबा मजेत आहेत. आजीचा ऑपरेशन झालेला डोळा तर इतका बरा आहे की हे सगळं पत्र त्या डोळ्यामुळेच लिहावं लागून राहिलंय.

फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून चुलवाणापाशी ठेवता आणि माझं बोलणं तुमच्याआधी सगळं गुऱ्हाळ ऐकतं. मागे मी सेमिस्टरचे मार्क सांगितले तर पलीकडून "कमी हायत की ओ" असं आलं, तो आवाज तुमचा नव्हता. ही गोष्ट तर आजीच्या कानावर बिलकुल जायला नको, म्हणून पत्र. वाचून खिशात ठेवा. मामींना सांगा (नको म्हटलं तरी सांगणारच आहात), पण त्यांच्या पलीकडे नको. काही मागायचं म्हणून लिहीत नाही, नुसतं तुमच्या कानावर घालायचं आहे.

तर मी नांदेडला काय शिकते हे तुम्ही दर लग्नात चारचौघांत सांगता, "भाची एम.टेक. करून राहिली," आणि कुणी पुढे विचारलं की जेवायला वाढायला उठता. यात तुमची चूक नाही. धातू आणि पदार्थ अभियांत्रिकी असं पूर्ण नाव सांगितलं तर समोरचा विषय बदलतो, आणि मेटलर्जी म्हटलं तर गोळी कुठली घेतेस म्हणून विचारतो. हिमायतनगरहून मला बघायला आलेल्या मंडळींनी, "मंग पुढं भांड्याचं दुकान टाकणार का?" असं विचारलं होतं, आणि बाबांनी त्यांना आणखी चहा विचारला. खरं सांगायचं तर माझा विषय साधा आहे. उसाच्या रसात लोखंड का गंजतं, कुठलं जास्त गंजतं, कुठलं कमी, आणि त्या गंजात नेमकं काय असतं. म्हणजे लोखंड मुद्दाम गंजवायचं आणि तो गंज जपायचा. (हसा. आमच्या वर्गात सगळे हसून झालेत.) आजीला हे समजावलं होतं तेव्हा ती म्हणाली, "त्याला कालेज कशाला लागतंय माय, न्हानीत टाकलं तरी गंजतंय की."

गेल्या हंगामात नांदेडकडच्या एका कारखान्यात, रसाच्या टाकीत, मी बोटाएवढ्या पट्ट्या टांगून ठेवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर नंबर ठोकलेला, वर भोक, भोकात नायलॉनची दोरी. दर आठवड्याला एसटीने जायचं, त्या अजून आहेत का बघायचं आणि परत यायचं. वॉचमन मला बघितलं की आत ओरडायचा, "गंजवाली आली!" पण मामा, गंज असा आला होता म्हणून सांगू! थरावर थर, खाली काळपट, वर नारिंगी, कुठे पापुद्रा सुटलेला नाही. आमचे गाईड रविकिरण सर सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते सुद्धा भिंगातून बघून "वा" म्हणाले. तो गंज पुण्याच्या एका लॅबमधल्या एक्स-रे मशीनखाली ठेवायचा होता, आणि त्या मशीनची वेळ मिळता मिळता दसरा उजाडला. नांदेडहून पुण्याला जाताना लातूर लागतंच, तेव्हा सण करून पुढे जावं म्हणून मी पट्ट्यांचा डबा घेऊन घरी आले. इथेच माझं नशीब फुटलं.

आजीच्या डोळ्याचं तुम्हाला माहीतच आहे. मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "ह्या पंख्यावर केवढी धूळ हाय गं!" तेव्हापासून घरातली एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटलेली नाही. आईचे तांब्याचे डबे घासून झाले, खिडकीचे गज झाले, बाबांच्या स्कूटरचं मडगार्ड झालं (रंगासकट). मला बघून म्हणाली, "तू एवढी काळी कवा झालीस?" मी तशीच होते मामा, तिला दिसत नव्हते एवढंच.

खंडेनवमीच्या सकाळी मी रात्रीच्या प्रवासाने झोपले होते आणि आजी पूजेसाठी घरातली हत्यारं गोळा करून राहिली होती. बाबा वीज कंपनीत लाइनमन, त्यांची पक्कड, टेस्टर, खांबावर चढताना बांधायचा झुला. आईचं शिलाई मशीन, विळी, अडकित्ता. सगळं पाटावर मांडून झाल्यावर आजी आईला म्हणाली, "आन् पोरीचं काय? एवढी लोखंडाचं शिकते, तिची हत्यारं नगं का पुजायला?" आई म्हणाली, लॅपटॉप ठेव. आजी म्हणाली, त्यात लोखंड कुठाय? आणि मग तिने माझी बॅग उघडली. डबा उघडला. एकेका पट्टीची वेगळी पिशवी होती, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात "हात लावू नये" असं लिहिलं होतं. आजीला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तो नियम घरच्यांना लागतो असं तिला वाटलं नसतं. आत बघते तर काय, नातीची सगळी हत्यारं गंजलेली! आईने नंतर सांगितलं की आजीच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "परगावी लेकराला कोन बघतंय गं," असं म्हणाली म्हणे.

पुढचं तुम्ही तुमच्या आईला ओळखता, तेव्हा सांगायला नको. पण सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला चैन नाही. चिंच घरात होती. राख गॅसवाल्या घरात कुठून असणार, ती शेजारच्या हाजराबीचाचींनी त्यांच्या नजीरभाईंच्या बेकरीतून आणून दिली, चांगली टोपलंभर. दोघी म्हाताऱ्यांनी अंगणात बसून, नारळाच्या शेंड्यांनी, एकेक पट्टी घासली. नंतर धुऊन, पुसून, वर खोबरेल तेलाचा हात. मला घंटेच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन बघते तर पाटाच्या मधोमध माझ्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या, झेंडूच्या पाकळ्या टाकलेल्या, आणि इतक्या लख्ख की त्यात माझं तोंड दिसत होतं. बघण्यासारखं नव्हतं. हाजराबीचाची दारातून कौतुकाने म्हणाल्या, "क्या चमकाए जी, एकदम नवे!" आजीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता पास हुतीस बघ. आदी सांगायचं न्हाई का, दर महिन्याला घासून दिल्या अस्त्या."

मामा, मी आरती केली. माझ्या अख्ख्या हंगामाची माती झालेली समोर बघत आरती केली आणि मला रडू आवरेना. आजीला वाटलं पोरगी भाविक आहे, चाचींना वाटलं उदबत्तीचा धूर गेला. मी काय बोलणार? आजीच्या बोटांची सालं गेली होती घासून घासून.

पुण्याचा बेत रद्द करून रविकिरण सरांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "चिंच जुनी होती की नवी?" मी म्हटलं, सर, त्याने काय फरक पडतो? म्हणाले, "तसा काही नाही, सहज." मग त्यांनीच समजावलं की गंज शेवटी आपणही काढतोच, वजन किती घटलं ते बघायला, पण आधी त्याची सगळी तपासणी करून आणि मग ठरलेल्या आम्लात ठरलेला वेळ. राखेने घासल्यावर गंजाबरोबर लोखंडही गेलं, आता कशाचा काही भरवसा नाही. त्यानंतर म्हणाले, कॉलेजच्या कमिटीला कारण लेखी द्या. आता यात काय लिहावं? मी लिहिलं, "घरगुती कारणास्तव नमुने स्वच्छ झाले." कमिटीतल्या एका मॅडमनी ते वाचून वर बघितलं आणि विचारलं, "सासू का?" मी म्हटलं, नाही मॅडम, आजी. तेव्हा त्यांनी सही केली.

पण सहीने गंज येत नाही. पुन्हा नव्या पट्ट्या, पुन्हा हंगामभर रसात, आणि जूनअखेर प्रबंध हातात. कारण पुण्याच्या एका तपासणी लॅबमध्ये मला नोकरी लागली आहे, जुलैत रुजू व्हायचं आहे, आणि पदवी पूर्ण असेल तरच घेणार आहेत. नाही झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाला, आणि मी हिमायतनगरला. (ती मंडळी अजून "कळवा" म्हणून थांबलेली आहेत. त्यांना भांड्यांची आवड दिसते.) कारखान्यात परत गेले तर तिथले साहेब बदललेले. नवे साहेब चांगले आहेत, चहा पाजला, पण परवानगी वरून यायला हंगाम संपेल म्हणाले. मला खोटं नाही बोलायचं मामा, मी घाबरले आहे. ही नोकरी मला पाहिजे. इतकी पाहिजे की रात्री झोप लागत नाही.

आजीला यातलं काही ठाऊक नाही. मी तिला सांगितलं की पुण्याच्या मशीनने पट्ट्या एकदम पास केल्या. तिने ते गल्लीभर सांगितलं. त्या पट्ट्या कपाटात माझ्या स्वेटरखाली लपवल्या आहेत. तुम्ही गुऱ्हाळामुळे भाऊबिजेला आला नाहीत, पण आजीची पिशवी दिवाळीपासून भरून दाराशी आहे. गुऱ्हाळ सुरू झालं की विरूपाक्ष न्यायला येतो, एवढं एकच घोकून राहिली आहे. तेवढं कळावं म्हणून लिहिलं. बाकी ठीक. मामींनी दिलेलं लोणचं संपलं, बाबांनी संपवलं. थंडीत गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची,
उज्वला

ता.क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं आहे ते तसं खरं नाही. मामा, नव्या पट्ट्या तुमच्या गुऱ्हाळात ठेवू का? तुमच्या गुळाच्या रसाला हात लावणार नाही. बाजूला एक प्लॅस्टिकची बादली, तिच्यात पट्ट्या टांगलेल्या, आणि रोज सकाळी जुना रस काढून ताजा घालायचा. गाई पाण्यावर नेण्याइतकंच काम. पण रोज, चुकवायचं नाही. सरांनी हो म्हटलं आहे. तुम्ही हो म्हटलं तर मी सुटले.

ता.क. दुसरा. पट्ट्या तिथे असतील तर आजी तिथे नको. गंजलेलं लोखंड तिच्या नजरेसमोर एक दिवस टिकणार नाही, आणि ही वेळ गेली तर पुन्हा हंगाम नाही. तेव्हा यंदा तिला न्यायला येऊ नका. घराला रंग काढलाय सांगा, पाहुणे आलेत सांगा, काहीही सांगा. तिला वाईट वाटेल. मला माहीत आहे किती वाटेल. तरी सांगा.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तर आजीने विचारलं, कुणाला लिवलंस? मी म्हटलं, मामांना. तर म्हणाली, "पट्ट्याचं इचारलंस का?" मामा, तिला सगळं माहीत आहे! दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी तिला सांगितलं होतं म्हणे. मी विचारलं, मग तू बोलली कामून नाहीस? म्हणाली, "तू एवढ्या जिवानं लपवून राहिलीस, मंग मी बी गप बसले. लेकराचा हिरमोड कशाला?" मग आम्ही दोघी रडलो. आईने येऊन विचारलं काय झालं, तर आजी म्हणाली, "गंज कसा धरवायचा ते बोलून राहिलो." तेव्हा दुसरा ता.क. रद्द. खोडला असता, पण खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला आवडत नाही. आजीला न्यायला लवकर या. बादलीजवळ एक खुर्ची टाका, रस तीच बदलणार आहे आणि जवळ कुणाला फिरकू देणार नाही म्हणते. नव्या पट्ट्या तिच्याच पिशवीत आहेत. सरांना नंबर पाठवायचे म्हणून मी आत्ता जरा मागितल्या तर म्हणाली, "आदी हात धुऊन ये."