तीस अंशांची दुप्पट

टीचर, परवा कामावर मी एक मोठा वीजनिर्मिती संच बंद करायला लावला. गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रात असते मी आता. दाबलेल्या हवेचं पडद्यावर दिसणारं तापमान मला पटेना. दाबावरून मी काढलेलं बरंच जास्त येत होतं. वरिष्ठ म्हणाले, "मशीन दाखवतंय ना?" मी म्हटलं, "हवा इतकी थंड असूच शकत नाही. थांबवा." चुकले असते तर नोकरीवर बेतलं असतं. तापमापकाची तार सैल निघाली. घरी येताना सारखं तुमचं कुंभकोणमचं स्वयंपाकघर आठवत होतं.

अकरावीत पदार्थविज्ञानात तुम्ही मला भोपळा दिला होतात. तीस अंशांची हवा, दाब तोच, आकारमान दुप्पट, तापमान किती? मी लिहिलं, साठ. तिरुनीलक्कुडीला, आमच्या गावी, अप्पा म्हणाले, "पुरे झालं सायन्स. उद्या कॉमर्सला घालतो." त्याच संध्याकाळी तुम्ही बसने आमच्या दारात. वर्गात तुम्ही तमिळच बोलायचात. ओसरीवर येऊन, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरातलीच, जुन्या वळणाची मराठी बोललात तेव्हा अप्पा उठून उभेच राहिले.

"हिला झेपत नाही, टीचर."

"मार्क मी वाढवणार नाहीं. एक रविवार मात्र मला द्या."

रविवारी तुमच्या चुलीशेजारी मी मान खाली घालून उभी आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर तुम्ही फुगा चढवता, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात धरता, शेजारी शाळेचा थर्मामीटर. तीस अंशांची हवा साठाच्या आसपास येते. फुगा जेमतेम मान वर करतो आणि तसाच लुळा राहतो.

"कां गे, तुझ्या हिशोबें हवा दुप्पट व्हावयास हवी. झाली कां?"

"नाही."

"मग हवा चुकली कीं तूं?"

मला हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. मग तुम्ही म्हणालात, "हें शून्य माणसांनी बर्फावर बांधलें. वायूस बर्फाचें काय? त्याचें शून्य दोनशें त्र्याहत्तर अंश खालीं. तेथून मोज." तीनशे तीनची दुप्पट सहाशे सहा; त्यातून दोनशे त्र्याहत्तर वजा. "तीनशे तेहतीस!" मी ओरडलेच. तुम्ही शाबासकी दिली नाहीत. डबऱ्यात, त्या पसरट पितळी वाटीत, कॉफी ओतून, मोठ्या माणसाला द्यावी तशी माझ्यापुढे ठेवलीत.

सूत्रं पुढे पुष्कळांनी शिकवली, टीचर. पण आपण म्हणतो ते हवेला विचारून घ्यावं, आणि तिनं दिलेलं उत्तर वरिष्ठांसमोरही धरून ठेवावं, हे तुमच्याकडून आलं. चुकलेल्या मुलीसाठी बस पकडून जाणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

हे सगळं देवनागरीत लिहिलंय. ती लिपी मी नोकरीनिमित्त नागपूरला राहिले तेव्हा शिकले. आपल्या घरांत मराठी बोलायची, लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत. तुम्हाला ही अक्षरं वाचता येत होती का, हे मी कधी विचारलंच नाही.